वीस अंशांना गॉल्जीत अडकलेलं प्रथिन

रानजाई

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. शुक्रवारी प्रयोगशाळेत जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर काम करते. पेशी जी प्रथिनं बाहेर पाठवते, ती आत कुठल्या वाटेने जातात हा माझा विषय. शाळेत शिकलेली वाट आठवत असेल: आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिन तयार होतं, तिथून गॉल्जी, तिथून चिमुकल्या पिशव्यांतून, म्हणजे व्हेसिकल्समधून, पेशीच्या पटलापर्यंत. ही वाट डोळ्यांनी बघायची तर सगळी प्रथिनं एकाच वेळी निघायला हवीत. एरवी काही निघालेली, काही पोचलेली, काही मध्येच, असा नुसता गोंधळ दिसतो.

त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. अमेरिका खंडात गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू असतो, वेसिक्युलर स्टोमॅटायटिस नावाचा. त्याच्या आवरणावर 'जी' नावाचं प्रथिन असतं. त्याच्या एका बदललेल्या वाणाचं (टीएस ०४५) जी प्रथिन ४० अंश सेल्सिअसला नीट घडीच घालू शकत नाही (प्रथिनाची साखळी दुमडून ठरलेला आकार घेते, ती घडी). घडी नाही तर जालिका त्याला दारातून बाहेर सोडत नाही. पेशी ३२ अंशांवर आणल्या की घडी बसते आणि साचलेलं सगळं प्रथिन एकदम वाटेला लागतं. त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडून ही सगळी वाट जिवंत पेशीत १९९७ साली दाखवली गेली. आजही आम्ही तेच करतो.

तर शुक्रवारी. रात्रभर ४० अंशांवर ठेवलेली डिश काढली, मायक्रोस्कोपवर चढवली, पहिलं चित्र घेतलं. केंद्रकाभोवती अख्ख्या पेशीत पसरलेली बारीक हिरवी जाळी, अगदी हवी तशी. वीस मिनिटांनी जाळी थोडी फिकट. तासाभराने केंद्रकाच्या एका कुशीला झळझळीत हिरवा गठ्ठा: गॉल्जी. इतका वेळ लागायला नको होता, पण म्हटलं असेल. आता इथून ठिपके आणि धागे निघून कडेकडे पळायला हवेत. निघाले नाहीत. दीड तास, दोन तास. गठ्ठा फक्त जाड होत गेला.

आमच्या लॅबमधल्या सीनियर ताई डोकावल्या. स्क्रीन नाही पाहिला, डिशच्या चौकटीला बोट लावलं. "गार आहे गं." हीटरचं बटण चालू होतं, प्लग सैल होता. एसी वीसवर. डिशला खालून टेकलेली तेलाची लेन्ससुद्धा गार, म्हणजे तीही उष्णता ओढून घेत होती. पेशी दोन तास वीस अंशांवर बसल्या होत्या.

प्लग दाबला. काचेखालचं तापमान चढायला लागलं आणि पंधरा-वीस मिनिटांत त्या गठ्ठ्यातून लांबट धागे ओढले गेले, तुटले, कडेकडे धावले. माझ्या अंगावर काटा आला. मी दोन तास जे बिघडलेलं समजत होते, तो या क्षेत्रातला अतिशय प्रसिद्ध निष्कर्ष होता आणि तो माझ्यासमोर आपणहून घडला होता.

१९८३ साली कार्ल मॅटलिन आणि काई सिमन्स यांनी हायडेलबर्गमध्ये दाखवलं की इन्फ्लुएन्झाचं पटलावर जाणारं प्रथिन २० अंशांना गॉल्जीपर्यंत पोचतं, तिथे त्याला साखरेच्या साखळ्या जोडण्याचं शेवटचं कामही होतं, पण पुढे जात नाही. ३७ ला आणलं की जातं. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये सारास्ते आणि कुइस्मानेन यांना आणखी खाली, १५ अंशांना, दुसरा थांबा सापडला: जालिकेतून निघालेलं पण गॉल्जीत न पोचलेलं प्रथिन मधल्याच एका कप्प्यात अडकतं.

मला सगळ्यात भावतं ते हे: थंडीने वाहतूक नुसती मंदावत नाही. पंधराला एका ठिकाणी थांबते, वीसला दुसऱ्या, चाळीसला या प्रथिनाच्या बाबतीत तिसऱ्याच. प्रत्येक तापमानाचा थांबा ठरलेला.

काळा_खडक

ताई, फार सुंदर लिहिलंय. मी मेकॅनिकलवाला आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. थंडीत तेल घट्ट होतं तसं पेशीतलं सगळंच घट्ट होऊन सारखंच मंदावायला हवं ना? एक टप्पा चालू राहतो आणि दुसरा बंद पडतो, हे कसं?

रानजाई

बाळबोध अजिबात नाही, मुळावरच बोट ठेवलंत.

सगळं सारखं मंदावत नाही, कारण प्रत्येक टप्प्याचं काम वेगळं आहे. प्रथिन बनवणं हे एक काम. पटलाला फुगवटा आणून त्याची पिशवी तोडणं दुसरं. तिने समोरच्या पटलाला चिकटून त्यात मिसळणं तिसरं. पटल म्हणजे चरबीच्या रेणूंचा थर. तुपासारखाच तो थंडीत आवळतो, आणि त्यात कोणते रेणू किती आहेत यावर तो कधी आवळेल ते ठरतं. जालिकेचं पटल पातळ आणि मऊ, कोलेस्टेरॉल अगदी कमी. गॉल्जीच्या बाहेरच्या टोकाला कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडं नावाचे चरबीचे रेणू वाढत जातात. म्हणजे वाटेवरचे रस्तेच वेगवेगळ्या मालाचे आहेत. त्यावर काम करणारी प्रथिनंही प्रत्येक टप्प्याला वेगळी. एका टप्प्याला वीस अंश पुरतात, दुसऱ्याला पुरत नाहीत, आणि आवक चालू असताना जावक बंद झाली की माल साचतो. वीस अंशांना गॉल्जीचं बाहेरचं टोक खरोखर फुगतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसतं ते.

काळा_खडक

कळलं. खंबाटकीत गाडी बंद पडली की मागे गाड्या कुठपर्यंत तुंबल्यात ते बघून घाट कुठे अरुंद आहे ते कळतं, तसं.

निवृत्त_सर

रानजाई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी तीस वर्षं महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तुमच्या माकडाच्या पेशींतली नाही, पावाच्या यीस्टमधली आहे. तिची भर घालतो.

सत्तरच्या दशकात बर्कलीला रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी ठरवलं की यीस्टचा स्राव बिघडवायचा आणि कुठल्या जनुकामुळे बिघडला ते शोधायचं. अडचण उघड आहे. स्राव हा जगण्याचाच भाग. तो बंद पडला तर यीस्ट मरणार, मग अभ्यास कशाचा करणार? तापमानाने ही गाठ सोडवली. त्यांनी असे वाण शोधले, जे २५ अंशांना सुखाने वाढतात आणि ३७ ला नेलं की स्राव थांबतो. त्यांतलं प्रथिन किंचित कमजोर असतं. गार असताना घडी टिकते, उष्णतेत विस्कटते. म्हणजे वाण २५ ला जपायचा आणि ३७ ला तपासायचा.

१९७९ मध्ये पहिला वाण छापून आला, सेक १. त्याच्या पेशी ३७ ला नेल्यावर आत व्हेसिकल्सची नुसती खच्चून गर्दी झालेली. पेशी बाहेर टाकू पाहत होती आणि टाकता येत नव्हतं. पुन्हा २५ ला आणल्यावर साचलेलं एन्झाइम, म्हणजे बाहेर पाठवायचं प्रथिन, बाहेर पडलं.

पण एक-एक वसाहत तपासून असे वाण शोधायला जन्म गेला असता. इथे त्यांना एक गोष्ट सुचली, जी मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचो. पेशी आत प्रथिनं बनवतेय, पण पटल पुढे सरकत नाही, म्हणजे ती वाढत नाही. माल वाढतोय, घर तेवढंच. म्हणजे पेशी जड होणार! मग सिलिकाच्या दाट द्रावणाच्या नळीत यीस्ट घालून फिरवलं, की साधं यीस्ट वर आणि बिघडलेलं खाली बसतं. तळचा थर उचलायचा. १९८० पर्यंत तेवीस जनुकं हाती आली. २०१३ चं नोबेल शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्युडॉफ यांना मिळालं, त्याच्या पायाशी या दोन उबवण्या आहेत, एक २५ ची आणि एक ३७ ची.

मनीमाऊची_आई

अवांतर होईल कदाचित. आमची मनी सयामी आहे. मागच्या हिवाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा कुशीवरचे केस काढले होते. नवीन आले ते गडद तपकिरी! शेजारचे सगळे दुधाळ आणि मध्ये चौकोनी डाग. डॉक्टर म्हणाले, थंडीमुळे. प्रथिनांची घडी वगैरे वाचून वाटलं, हे तेच का?

रानजाई

हे अवांतर नाहीच, तेच आहे! रंग तयार करणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. सयामीत ते किंचित बदललेलं आहे आणि अंगाच्या उबेत काम करत नाही. कान, नाक, पंजे, शेपटी ही टोकं गार, तिथे काम करतं, म्हणून ती काळी. पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरी, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब. मनीच्या कुशीवरची लोकर गेली, कातडी गार पडली, तेवढ्या काळात उगवलेले केस रंगले. पुढच्या वेळी गळून आले की पुन्हा दुधाळ होतील.

टायरोसिनेजलाही जालिकेतून गॉल्जी आणि तिथून रंगाच्या कणांत जावं लागतं. माणसाच्या टायरोसिनेजचे असे काही प्रकार प्रयोगशाळेत तपासले गेलेत. ३७ ला ते जालिकेतच अडवले जातात, ३१ ला बाहेर पडतात. माणसांतही अशी एक दुर्मीळ स्थिती १९९१ मध्ये नोंदली गेली: डोक्यावरचे आणि काखेतले केस पांढरे, पायांवरचे मात्र काळे.

फर्मेंटरवाला

धागा उत्तम. फक्त एका गोष्टीत थोडी भर, म्हणजे वाचणाऱ्यांचा समज एकतर्फी होऊ नये.

मी औषधी प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्यात बायोरिॲक्टर, म्हणजे पेशी वाढवायची मोठी टाकी, सांभाळतो. चिनी हॅमस्टरच्या पेशी, त्या प्रथिन बाहेर सोडतात आणि आम्ही ते गोळा करतो. आम्ही मुद्दाम थंडी देतो. सुरुवातीचे काही दिवस ३७, पेशी भरपूर झाल्या की ३२-३३. इथे वाचून वाटेल की थंड केलं तर माल आत अडकेल. उलट बरेचदा एकूण माल जास्त मिळतो. पेशी विभागणं कमी करतात, जास्त दिवस जगतात, आणि दर पेशीमागे निघणारं प्रथिनही अनेकदा वाढतं. सगळ्याच वाणांना मानवत नाही हे, प्रत्येक वेळी लहान भांड्यात आधी पाहावं लागतं.

रात्रपाळीला तापमान उतरताना मी पडद्यासमोर बसून असतो. दोन हजार लिटर एकदम गार करता येत नाहीत, सावकाश उतरवावं लागतं. बत्तिसाच्या खाली घसरलं तर मात्र छातीत धस्स होतं.

रानजाई

दादा, अगदी बरोबर, आणि भर घातलीत ते चांगलं केलंत. बत्तीस आणि वीस यांत खूप अंतर आहे. बत्तिसाला वाहतूक चालू असते, शिवाय कमी वेगाने बनणाऱ्या प्रथिनाला घडी घालायला सवड मिळते. माझ्या जी प्रथिनालाही बत्तीसच मानवतात.

मावशी_मँचेस्टर

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. माझ्या भाचीच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात चिकट श्लेष्मा साचणारा आनुवंशिक आजार) आहे, एफ ५०८ वाला. डॉक्टर म्हणाले होते की प्रथिन बनतं पण जागेवर पोचत नाही. तेव्हा नीट समजलं नव्हतं. तुमचा धागा वाचून पहिल्यांदा चित्र डोळ्यांपुढे आलं. त्यालाही असंच दारात अडवतात का?

रानजाई

मावशी, हो. अगदी असंच.

या आजारात बिघडतं ते सीएफटीआर, १४८० अमिनो आम्लांचं प्रथिन. पेशीच्या पटलात बसून क्लोराइड आत-बाहेर सोडणारी ती खिडकी. ५०८ व्या जागेवरचं एक फेनिलॲलनिन गळतं आणि घडी अर्धवट राहते. जालिकेत तपासणी करणारी प्रथिनं असतात, ती त्याला ओळखतात, धरून ठेवतात आणि शेवटी मोडीत काढतात. पटलावर खिडकीच नाही, म्हणून श्लेष्मा घट्ट होतो.

१९९२ मध्ये अमेरिकेत एका गटाने या बदललेल्या सीएफटीआरच्या पेशी ३७ ऐवजी तिशीच्या खाली ठेवल्या. प्रथिन पटलापर्यंत पोचलं आणि क्लोराइड सोडू लागलं. अर्थात माणसाला २७ अंशांवर ठेवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्या एका प्रयोगाने कळलं की हे प्रथिन निकामी नाही. दारातून बाहेर काढलं तर ते काम करतं. मग प्रश्न उरला तो थंडीचं काम करणारा रेणू शोधण्याचा. लुमाकाफ्टर त्यातला एक, अमेरिकेत २०१५ मध्ये आयव्हाकाफ्टरबरोबर मान्यता मिळाली. २०१९ मध्ये एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर असं तिघांचं औषध आलं. पहिली दोन घडी सावरून प्रथिन बाहेर काढतात, आयव्हाकाफ्टर पटलावर पोचलेली खिडकी उघडी ठेवतं.

भारतीय रुग्णांमध्ये हा एफ ५०८ चा बदल युरोपइतका सर्रास नाही, त्यामुळे इथे जनुकाची तपासणी करूनच पुढचं ठरतं. तुमच्या नातवाला कोणतं औषध चालू आहे?

मावशी_मँचेस्टर

तिघांचंच. सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात भाचीचा फोन आला होता, म्हणाली, "मावशी, रात्री खोकल्याचा आवाज नाही, म्हणून मी उठून त्याचा श्वास चालू आहे का बघून आले." आता तो फुटबॉल खेळतो.

रानजाई

मावशी, वाचून डोळे भरून आले. ही गोष्ट मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगणार आहे.

निवृत्त_सर

मुंबईची एक गोष्ट राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी होते. सेमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी १९७६ मध्ये फळमाश्यांच्या अशा वाणांवर शोधनिबंध लिहिला, ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात. एकाचं नाव शिबिरे, दुसऱ्याचं कोमाटोज. मी तरुणपणी अशा माश्यांची नळी पाहिलीय. कोमट पाण्यात धरली की उडणाऱ्या माश्या एकेक करून तळाशी पडतात, पाय हलवत राहतात. बाहेर काढली की थोड्या वेळात पुन्हा भिंतीवर चढायला लागतात.

पुढे कळलं की शिबिरे म्हणजे डायनामिन, चेतापेशीने बाहेर टाकलेलं पटल परत आत ओढताना पिशवी तोडणारं प्रथिन. ते थांबलं की व्हेसिकल्स संपतात आणि माशी लुळी पडते. कोमाटोज म्हणजे एनएसएफ, पिशव्या पटलात मिसळत राहायला लागणारं प्रथिन. आणि यीस्टच्या त्या तेवीस जनुकांतलं सेक १८ म्हणजेही एनएसएफ. पावाच्या यीस्टमध्ये आणि माशीच्या मेंदूत एकच प्रथिन, आणि दोन्हीकडे ते उष्णतेने पकडलं गेलं.

गुरुजी_जत

सर, ताई, आठवीच्या मुलांना यातलं काही करून दाखवता येईल का? माझ्याकडे मायक्रोस्कोप एकच, तोही हलतो. फ्रीज हेडमास्तरांच्या घरी आहे.

निवृत्त_सर

येईल की. मोड आलेला गहू घ्या. दाण्याचा सालीखालचा थर अमायलेज बाहेर सोडतो, पिष्ट पचवायला. चायना ग्रासमध्ये थोडं पिष्ट उकळून ताटलीत थापा. दाणे आडवे कापून, धुऊन, कापलेली बाजू खाली ठेवून मांडा. एक ताटली खोलीत, एक फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी दाणे काढून आयोडीनचं टिंक्चर पातळ करून ओता. जिथे पिष्ट पचलं तिथे निळ्यात पांढरं वर्तुळ.

पण एक पथ्य पाळा. फ्रीजमध्ये वर्तुळ लहान आलं तर दोष स्रावाचा की एन्झाइमच थंडीत मंद झालं, हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक ताटलीत एका कोपऱ्यात लाळेचा थेंबही टाका. लाळेत अमायलेज तयारच असतं, ते बाहेर पाठवायला कुठलीही पेशी लागत नाही.

रानजाई

सर, किती छान! गुरुजी, माझंही एक सांगणं: थंडीत दाण्यात नवीन प्रथिन बनणंही मंदावतं, म्हणून मुलांना "फक्त वाहतूक थांबली" असं सांगू नका. उष्ण बाजूचं उदाहरण हवं असेल तर सातूच्या दाण्यात १९८६ मध्ये पाहिलंय: ४० अंशांना जालिकेचे थर विस्कटतात आणि अमायलेजचा निरोप घेऊन जाणारे आरएनए नष्ट होतात.

गुरुजी_जत

केलं. सोमवारी लावलं, मंगळवारी एक-एक ताटली उघडली. खोलीतली: दाण्यांखाली मोठी पांढरी वर्तुळं, लाळेखालीही मोठं. फ्रीजमधली: लाळेखाली लहान पण स्पष्ट, दाण्यांखाली जेमतेम दाण्याएवढीच फिकट खूण.

एका मुलीने विचारलं, दाणे मेले का? म्हणून फ्रीजमधले तेच दाणे नव्या ताटलीवर ठेवून ती खिडकीत ठेवली. आज सकाळी आयोडीन ओतलं तेव्हा बेचाळीस मुलं एका बाकाभोवती होती. निळ्यात सहा पांढरी वर्तुळं उमटली. त्या मुलीने पट्टी आणून मोजायला सुरुवात केली आहे.